माझे विद्वान मित्र

११ डिसेंबर २००६, अंबड

बार रूममध्ये चहाचा ट्रे आला, माझ्या दोन खुर्च्या अलीकडंच संपला. हे काही आज नवीन नाही. पण आज त्या चहावाल्यानं "मॅडम घेत न्हाईत ना?" असं विचारलं, आणि मी मूर्खासारखं "नाही" म्हटलं. सकाळपासून डोकं दुखत होतं, चहा पाहिजे होता.

वकिलीची सनद घेऊन सात वर्षं झाली. सात वर्षांत माझ्याकडं आल्या त्या नवऱ्यानं टाकलेल्या बायका. दिवाणी दावा म्हणावा असा एकच, सगुणाबाईचा. वडीगोद्रीला हायवेच्या कडंला तिच्या दोन खोल्या, पुढं चहाची टपरी. तीस वर्षं राहते तिथं. मागं ज्यांची मोसंबीची बाग आहे त्या काकासाहेबांच्या नावावर जागा कागदावर. त्यांना आता तिथं ढाबा टाकायचाय, म्हणून बाईनं जागा खाली करावी असा चार वर्षांपासून दावा लावलाय. त्यांचे वकील सर्जेरावसर, ज्यांच्या ऑफिसात मी दोन वर्षं ज्युनियर होते. म्हणजे मला जे येतं ते सरांनी शिकवलेलं, आणि जे येत नाही तेही सरांना पक्कं ठाऊक.

फेब्रुवारीत बाईची साक्ष आहे. हरलो तर तिच्या घरावर जेसीबी. सून, दोन नाती, चुलीसकट हायवेवर. 

१६ डिसेंबर

आज धर्मराजनं मला बसस्टँडमागच्या कारभारीच्या इंटरनेट कॅफेत नेलं. धर्मराज सरांचा सध्याचा ज्युनियर. मनानं बरा आहे. फक्त सरांपुढं त्याची मान कायम हो-हो करत असते. सरांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आलाय, सर मागं खुर्चीत बसून सांगतात आणि हा कीबोर्ड बडवतो.

म्हणाला, "सत्यशीला, इथं बसून तुला कोन विचारनार? नेटवर ये. वकिलांची साइट निघाली, मुंबई-नागपूरचे मोठमोठे वकील हायेत. ओळखी होतात, सल्ला मिळतो, केसा बी येतात म्हणे."

मी म्हटलं, "अरे, वकिलाला जाहिरात करता येत नाही."

"ही जाहिरात थोडीच हाय? ओळखपाळख हाय."

साइटचं नाव इंग्रजीत, अर्थ 'विद्वान मित्र'. मला हसू आलं. कोर्टात समोरच्या वकिलाला 'माझे विद्वान मित्र' म्हणायची पद्धत आहे. म्हणजे जो आपला गळा धरायला उभा असतो तो. नाव-गाव भरलं, फोटोच्या जागी काही नाही. 'विशेष प्रावीण्य'मध्ये काय लिहावं सुचेना. धर्मराज म्हणाला, लिही 'जमिनीचे दावे'. लिहिलं. एक दावा, तो पण गळ्याशी आलेला.

'तुमचे मित्र: १.' तो एक म्हणजे धर्मराज.

२ जानेवारी २००७

मित्र दोन झाले! 'न्यायमित्र५२' म्हणून कोणी सीनियर आहेत, नागपूरचे. स्वतःहून निरोप पाठवला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. "मॅडम, जमिनीचे दावे करता वाचून आनंद झाला. या लाइनमध्ये बायका कमी. काही अडलं तर बिलकुल विचारा."

सात वर्षांत एका सीनियरनं 'विचारा' म्हटलं नव्हतं. कॅफेत रडू आलं, प्लायवूडच्या आडोशाला कोणाला दिसलं नाही म्हणून बरं.

९ जानेवारी

सगुणाबाई आल्ती. तिला साक्षीचं समजावता समजावता माझा जीव मेटाकुटीला आला.

कायदा साधा आहे. दुसऱ्याच्या जागेत माणूस बारा वर्षांच्या वर उघडउघड, मालकाला न जुमानता राहिला, तर जागा त्याची होते. पण मालकाच्या परवानगीनं राहिला, तर शंभर वर्षं राहिला तरी होत नाही. म्हणून मी कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, लिहिलंय, 'कोणाच्याही परवानगीविना ताबा'. शपथपत्रात तेच. तिचा अंगठा त्याच्यावर आहे.

आणि ही बाई दर वाक्याला, "मोठ्या मालकानं दिली ओ ताई जागा."

मोठे मालक म्हणजे काकासाहेबांचे वडील भुजंगराव. वारून पंधरा वर्षं झाली.

"मावशी, 'दिली' म्हणायचं नाही. आम्हीच बसलो म्हणायचं."

"आसं कसं? दिली ना त्यांनी."

"आणि मालक-मालक काय लावलंय? कोण मालक? कोणाचा मालक?" मी जरा जोरातच बोलले. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, शाळेत मास्तर होते. ते नेहमी म्हणत, आपल्याला कोणी काही दिलं नाही, आपण मिळवलं. तो 'मालक' शब्द ऐकला की माझ्या कानशिलात जातो. त्याच्यापुढचं मला ऐकूच येत नाही.

बाईनं पिशवी आवरली. मग म्हणाली, "तुमी शिकलेल्या. तुमी म्हनता तसं म्हनते." पण तिचा चेहरा काही पटल्यासारखा नव्हता.

२० जानेवारी

लोडशेडिंगमुळं दोनदा हेलपाटा झाला, पण न्यायमित्रांशी सविस्तर बोलणं झालं. नावं घेतली नाहीत, तेवढं मला कळतं. 'हायवेवरचं एक गाव, मोसंबीच्या बागंपुढं चहाची टपरी' एवढंच. आता नागपूरला बसून कोणाला काय समजणार?

मी लिहिलं की साक्षीदार बाई भोळी आहे, जुन्या मालकाच्या उपकाराचं ओझं बाळगून आहे, कोणी गोड बोलून विचारलं तर 'मालकानं दिली' म्हणून मोकळी होईल. काय करू?

उत्तर आलं, "बराबर. मंग पुढं?"

अगदी सरांसारखं! सर पण असंच, आम्ही काही सांगायला लागलो की खुर्चीत मागं रेलून "मंग पुढं?" करायचे. नागपुरात पण 'मंग' म्हणतात वाटतं.

मी पुढचं सगळं सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "काही काळजी करू नका मॅडम, साक्षीदाराला जास्त शिकवू नका, घाबरतो." किती खरं आहे. हलकं वाटलं. एक गंमत, धर्मराज ऑनलाइन असला की हे नसतात आणि हे असले की तो नसतो. दोघांची ओळख करून द्यायची राहूनच जाते.

७ फेब्रुवारी

संपलं सगळं.

सर उभे राहिले तेव्हा मला वाटलं तास-दीड तास झोडपतील. घराचा नकाशा काढतील, वीजबिल काढतील. मी तयारी करून गेल्ते. त्यांनी काही काढलं नाही. चष्मा पुसला आणि सख्ख्या भावासारखे बोलायला लागले.

"घाबरू नका बाई. पानी पायजे का? बरं. मोठे मालक मानूस कसे व्हते?"

"लई चांगले."

"तुमच्यावर त्यांचं उपकाराचं ओझं हाय, आसं म्हनलं तर चालंल?"

माझ्या हातातला पेन तिथंच थांबला. उपकाराचं ओझं. हे शब्द माझे.

बाईनं हो म्हटलं नाही.

"मंग पुढं सांगा, ही जागा तुमाला कोनी दिली?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवू शकत नाही, जज्जसाहेब बघत होते. मग ती त्यांच्याकडं वळली आणि सरळ म्हणाली, "मोठ्या मालकानंच दिली. मेलेल्या मानसाचं नाव मी कशी बुडवू?"

सरांनी "उलटतपासणी संपली" म्हटलं. चार प्रश्न! पाच वाजत आल्ते, फेरतपासणी, म्हणजे मी तिला पुन्हा विचारायचं ते, एकवीस तारखेला ठेवली.

बाहेर बाईनं विचारलं, "ताई, माझं चुकलं का?" साक्ष अर्धी असताना साक्षीदाराशी केसबद्दल बोलू नये, म्हणून मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर तोंड उघडलं असतं तर मी तिच्यावर ओरडले असते. ती आठची एसटी चुकेल म्हणून सकाळपासून उपाशी होती, हे मला तिच्या सुनेनं नंतर सांगितलं.

८ फेब्रुवारी

कॅफेत जाऊन सगळे निरोप पहिल्यापासून वाचले. बिलकुल. बराबर. मंग पुढं. अगं गाढवे, दोन वर्षं ज्या माणसाच्या मागं फायली घेऊन पळालीस, त्याचं बोलणं तुला ओळखू आलं नाही!

आणि काय तर म्हणे नाव घेतलं नाही. मोसंबीच्या बागंपुढची चहाची टपरी जालना जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? नागपूरला कोणी बसलेलंच नव्हतं. कोर्टापासून दोनशे पावलांवर बसले होते.

सरांना मोबाइलवरचा मेसेज वाचता येत नाही, तर हे जमलं कसं? मग आठवलं, त्यांचा जावई नाताळच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन आल्ता. त्याचंच काम.

मी कोणाकडं तक्रार करू? काय म्हणून करू? पक्षकाराची गुपितं मी स्वतः, माझ्या दहा बोटांनी लिहून दिली. सनद जायची असेल तर माझी जाईल.

११ फेब्रुवारी, रविवार

जेवण गेलं नाही. आई म्हणते, सोड हे कोर्ट, घनसावंगीला शाळेत जागा निघालीय. जाईन. पण आधी त्या बाईला काय सांगू? तुझं घर मी घालवलं, आता मी पोरांना पाढे शिकवायला चालले?

धर्मराज भेटला. त्याला जावयाचं सांगितलं. तो ऐकून घेत राहिला, सारखा घड्याळाचा पट्टा काढून पुन्हा लावत होता. मी म्हटलं, "तू त्याच ऑफिसात असतोस, तुला काहीच कळलं नाही?" तर म्हणाला, "मला टायपिंगपुरतं बोलवतात." खरंच आहे. त्याच्यावर काय चिडायचं? तोंड उतरून गेल्तं त्याचं माझ्यासाठी. एक तेवढा माणूस आहे इथं.

१५ फेब्रुवारी

साइटवरचं नाव पुसायला गेल्ते. 'न्यायमित्र५२'चा निरोप पडलेला. वाचावा की नाही? उघडला.

"कशाला दिली ते तिला विचार. एवढंच."

ना मॅडम, ना बिलकुल, एकदम 'विचार'! आता अरे-तुरेवर आले. खिजवून राह्यलेत मला. बाईनं उत्तर द्यावं, 'राहायला दिली', आणि उरलीसुरली केस पण मातीत जावी. सर, तुम्हाला अजून काय पाहिजे? बाईच्या घराच्या विटा मोजून देऊ का?

१८ फेब्रुवारी

तीन दिवस तेच वाक्य डोक्यात फिरतंय.

सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, उत्तर माहीत नाही तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही. मला उत्तर माहीत नाही. चार वर्षं बाई माझ्याकडं येते, 'मोठ्या मालकानं दिली' म्हणते, आणि कशाला दिली हे मी एकदाही विचारलं नाही. तिनं सांगायला तोंड उघडलं की मी 'मालक म्हणू नका' म्हणायची. आता विचारावं तर ती शपथेवर आहे, बोलायची चोरी.

सापळा असेल. असू दे. न विचारता पण घर जाणारच आहे. मला भीती वाटते, फार भीती वाटते.

२१ फेब्रुवारी

एक प्रश्न विचारला.

"मोठ्या मालकांनी जागा दिली असं तुम्ही सांगितलं. कशासाठी दिली?"

सर ताडकन उठले. "हरकत आहे!" त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. साहेब म्हणाले, उलटतपासणीत तुम्हीच हा विषय काढला, उत्तर येऊ द्या.

बाईनं पदर सारखा केला. तिचं बोलणं आठवतंय तसंच लिहिते.

"हिरीचं काम चालू व्हतं साहेब. सुरुंग लावल्ते. एक फुटला न्हाई, म्हनून मालक सोता बघाया खाली उतरले. माझा मानूस बी तिथंच. त्यो म्हनला, मालक, तुमी वर व्हा, मी बघतो. दोरानं मालकाला वर धाडलं. आन् मंग फुटला."

बाई थांबली नाही.

"आठव्या दिवशी मालक आले. मला सडकंच्या कडंला न्हेलं. माझं लेकरू कडंवर. मालक खाली बसले, दोनी हातानं माती उचलली आन् माझ्या पदरात घातली. म्हनले, सगुणा, ही जागा तुझी आन् तुझ्या लेकराची. मी मागनार न्हाई, माझं पोरगं बी मागनार न्हाई. हे काकासाहेब तवा धाकले व्हते, तिथंच उभे व्हते. इचारा त्यांना."

काकासाहेब मागच्या बाकावर होते. त्यांनी वर बघितलं नाही.

साहेबांनी स्वतः विचारलं, "बाई, जागा कधी परत करायची अशी काही बोली झाली होती?"

बाई म्हणाली, "माझा मानूस परत येनार व्हता का साहेब?"

मी खाली बसले.  चार वर्षं मी ह्या बाईला काय बोलायचं नाही ते शिकवलं. ती उपकार म्हणत नव्हतीच. उपकार हा शब्द माझा होता.

पण सर म्हणजे सर. उठून म्हणाले, "हे कैफियतीत कुठंच नाही. कैफियतीत ह्यांनी 'परवानगीविना' लिहिलंय. कैफियतीबाहेरची साक्ष वाचता येणार नाही." आणि कायद्यानं त्यांचं बरोबर आहे. ती कैफियत मी लिहिली.

२६ फेब्रुवारी

जुने निवाडे काढून बसले. तोंडी बक्षीस, म्हणजे कागदाविना जागा देणं, कायद्यात चालत नाही, पण कायमची म्हणून दिलेल्या जागेत माणूस बारा वर्षं स्वतःची समजून राहिला, तर ती परवानगी होत नाही. 'दिली' आणि 'राहायला दिली' ह्यात सगळं घर आहे. हे मला बाईनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी.

आता एकच वाट. कैफियत दुरुस्त करायचा अर्ज. साक्ष झाल्यावर असा अर्ज मंजूर होत नाही, जबरदस्त कारण लागतं. कारण एकच आहे.

६ मार्च

अर्ज दिला. कारणात लिहिलं, 'प्रतिवादी बाईने सदर हकीगत सुरुवातीपासून सांगितली होती. वकिलाने ती ऐकून घेतली नाही. चूक पक्षकाराची नसून वकिलाची आहे.' खाली माझी सही आणि शपथपत्र.

टायपिस्टनं दोनदा विचारलं, "मॅडम, हे आसंच ठेवू?" दुपारपर्यंत सगळ्या बारमध्ये झालं. एकजण हसत म्हणाला, "असं लिहून कोनी धंदा करतं का?" मी त्याच्याकडं बघितलं पण नाही. लाज वाटत होती, खोटं कशाला लिहू.

सरांनी अर्जावर म्हणणं दिलं, पानभर, सक्त हरकत. सगळं त्यांच्या स्वतःच्या अक्षरात, थरथरलेलं. धर्मराज लिहायला नव्हता वाटतं.

३० मार्च

अर्ज मंजूर. हुकुमात माझं नाव घालून लिहिलंय की वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला देणं न्यायाचं नाही. ते पान बार रूममध्ये हातोहात फिरलं. मी जिन्याखाली जाऊन रडले, लाजेनं का आनंदानं ते मला आता पण सांगता येणार नाही.

२१ जून

सुट्टीनंतर आज निकाल लागला. दावा नामंजूर! काकासाहेबांचा दावा नामंजूर!

काकासाहेबांना साक्षीला पुन्हा बोलावलं होतं. 'माती घातली होती का' विचारल्यावर ते 'आठवत नाही' म्हणाले. 'नाही' म्हणाले नाहीत. साहेबांनी निकालात त्याच्यावर बोट ठेवलंय.

बाईला नीट समजेना. "म्हंजी ऱ्हायचं का आमी?" मी म्हटलं, "राहायचं मावशी. ते जालन्याला अपील करतील, पण राहायचं." ती तिथंच पायरीवर बसली.  मग म्हणाली, "ताई, तुमी त्या दिशी इचारलं म्हनून सांगाया भेटलं. येवढ्या वर्सांत माझ्या मानसाचं कोनी इचारलंच न्हवतं."

 मी तिचा हात धरून बसले.

२५ जून

साइटवरचं नाव पुसून टाकलं. पुसताना विचारत होते, 'तुमचे मित्र: २. नक्की जायचं का?' नक्की.

कोर्टाच्या गेटजवळच्या लिंबाखाली धर्मराज उभा होता, फायलींची पिशवी घेऊन. सरांचं ऑफिस त्यानं फेब्रुवारीतच सोडलं म्हणे, सोळा तारखेला. चार महिने कुठं कुठं टेबल बघत फिरून राह्यला, आणि मला पत्ता नाही. मी म्हटलं, "वेडा आहेस का? अंबडात त्याच्यापेक्षा मोठं ऑफिस आहे का? भांडलास?"

"जमंना."

"काय जमेना?"

"टायपिंग."

ह्याच्याकडून असं कोड्यातलंच उत्तर येतं. मी त्याला त्या शेवटच्या निरोपाचं सांगितलं. की सरांनी मला खिजवायला लिहिलं आणि तेच त्यांच्या अंगावर उलटलं. त्यानं मान हलवली. मी म्हटलं, "केस जिंकली ती वेगळी गोष्ट. पण त्या न्यायमित्राला मी जन्मात माफ करणार नाही."

"नको करू," तो म्हणाला.

मला त्याची दया आली. सात वर्षं त्या बार रूममध्ये एकटं बसणं काय असतं ते मला माहीत आहे. म्हटलं, माझ्या टेबलाला एक बाजू रिकामीच असते, खुर्ची आण. आणि चहा आला की दोन सांग, आता ट्रे आपल्यापर्यंत येतो.

वाटलं हसेल. हसला नाही. माझ्या मागून बार रूममध्ये आला, एक खुर्ची उचलली आणि माझ्या टेबलाच्या पार कडेला ठेवली.